मोबाईलवर आरसी ‘क्लीन’ दिसते, तरी गाडी टोटल लॉस असू शकते! जुनी कार घेण्याआधी हे तपासा

पहिली गाडी म्हणून सेकंड हँड कार घ्यायची, असं आपल्यापैकी अनेकांचं ठरलेलं असतं. मग अ‍ॅपवर फोटो बघायचे, नंबर प्लेटचा नंबर टाकून आरसी चेक करायची, मालकाचं नाव जुळतंय, विमा चालू आहे, कर्ज नाही... सगळं ओके! आणि टोकन देऊन मोकळं व्हायचं.

यात एक मोठी गोष्ट राहून जाते. हीच गाडी दोन-तीन वर्षांपूर्वी विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ म्हणून निकालात काढलेली असू शकते. म्हणजे पहिल्या मालकाने तिचे पूर्ण पैसे घेतले, गाडी लिलावात गेली, कुणीतरी ती स्वस्तात उचलली, ठोकून-रंगवून उभी केली आणि आता ती ‘सिंगल हँड, शोरूम कंडिशन’ म्हणून तुमच्यासमोर आहे. आरसीच्या अ‍ॅपमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

मित्रांना आणि नातेवाईकांना जुनी गाडी बघायला मी बऱ्याचदा सोबत जातो. त्यामुळे हे कसं घडतं, अ‍ॅपमध्ये का दिसत नाही आणि हातातल्या मोबाईलचा वापर करून ते कसं पकडायचं, हे आज सविस्तर सांगतो. लेख थोडा मोठा आहे, पण चार-पाच लाखांचा प्रश्न आहे, त्यामुळे शेवटपर्यंत वाचा.

टोटल लॉस म्हणजे नेमकं काय?

गाडीचा पूर्ण विमा काढतो तेव्हा पॉलिसीवर एक रक्कम लिहिलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी जास्तीत जास्त किती पैसे देईल, तो हा आकडा. गाडी जुनी होते तसा तो कमी होत जातो. साधारण हिशोब असा असतो:

- ६ महिन्यांपर्यंत: किमतीतून ५ टक्के वजा
- ६ महिने ते १ वर्ष: १५ टक्के
- १ ते २ वर्षं: २० टक्के
- २ ते ३ वर्षं: ३० टक्के
- ३ ते ४ वर्षं: ४० टक्के
- ४ ते ५ वर्षं: ५० टक्के

पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक मिळून रक्कम ठरवतात.

आता अपघात झाला किंवा गाडी पुरात बुडाली, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन दुरुस्तीचा खर्च काढतो. गाडी टो करून आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च मिळून आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर कंपनी दुरुस्तीच्या भानगडीत पडत नाही. ती गाडी टोटल लॉस धरते आणि मालकाला आयडीव्हीएवढे पैसे देते. त्यातून हजार-दोन हजारांची ठरलेली कपात होते.

एक उदाहरण घेऊ. समजा नवीन असताना गाडीची किंमत ८ लाख होती आणि आता तिला साडेतीन वर्षं झालीत. ४० टक्के वजा करून आयडीव्ही झाला ४ लाख ८० हजार. त्याचे ७५ टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार. सर्व्हिस सेंटरने ३ लाख ७० हजारांचं एस्टिमेट दिलं की गाडी टोटल लॉस!

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. टोटल लॉस म्हणजे गाडीचा चुराडाच झाला असं नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नवीन एअरबॅग, त्यांचं कंट्रोल युनिट, डॅशबोर्ड, हेडलाईट, बंपर असे सुटे भाग महाग असतात. समोरून एक जोराची धडक बसून दोन्ही एअरबॅग उघडल्या, तर पाच-सहा वर्षं जुनी छोटी गाडी सहज या रेषेच्या पलीकडे जाते. म्हणूनच अशा गाड्या दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणणं शक्य होतं, आणि फायद्याचंही ठरतं.

पैसे मिळाल्यावर त्या गाडीचं पुढे काय होतं?

इथून पुढे तीन रस्ते आहेत.

१) गाडी खरंच भंगारात जाते. २०२१ च्या नियमांनुसार आता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं आहेत. तिथे गाडी मोडली की तसं सर्टिफिकेट मिळतं आणि आरसी रद्द होते. हा सगळ्यात स्वच्छ रस्ता.

२) मोडकी गाडी लिलावात विकली जाते. हे लिलाव आजकाल ऑनलाईनच होतात. जास्त बोली लावणारा गाडी उचलतो. कधीकधी मालकच मोडकी गाडी स्वतःकडे ठेवतो आणि तिची किंमत वजा करून उरलेले पैसे कंपनीकडून घेतो.

३) गाडीचा सांगाडा कुठेतरी पडून राहतो आणि तिची कागदपत्रं वापरली जातात. हा प्रकार सगळ्यात धोकादायक आहे, त्यावर पुढे वेगळं बोलू.

दुसऱ्या रस्त्याचं गणित बघा. वरचीच गाडी समजा लिलावात दीड लाखाला गेली. गॅरेजवाल्याने जुने आणि डुप्लिकेट पार्ट लावून सव्वा लाखात ती उभी केली. एकूण खर्च पावणेतीन लाख. चांगल्या अवस्थेतली तीच गाडी बाजारात पावणेपाच लाखाला जात असेल, तर हा माणूस तुम्हाला सव्वाचार लाखाला देतो. तुम्हाला वाटतं पन्नास हजार वाचले, आणि त्याला दीड लाख सुटतात.

सर्व्हिस सेंटर जे काम पावणेचार लाखांत करणार होतं, ते सव्वा लाखात कसं झालं? काहीतरी बसवलंच नाही म्हणून. आणि बऱ्याचदा न बसवलेली गोष्ट म्हणजे एअरबॅग असते, कारण ती महाग असते आणि बाहेरून दिसत नाही.

मग हे अ‍ॅपमध्ये का दिसत नाही?

ब्रिटनमध्ये विमा कंपनीने निकालात काढलेल्या गाडीला ठरावीक वर्ग मिळतो. २०१७ पासून तिथे ए, बी, एस आणि एन असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गातली गाडी पुन्हा रस्त्यावर आणताच येत नाही. एस म्हणजे सांगाड्याला मार लागलेली आणि एन म्हणजे सांगाड्याला मार नसलेली. अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीच्या कागदावरच ‘साल्व्हेज’ असा शिक्का पडतो.

आपल्याकडे आरसीवर असा रकानाच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये तरतूद आहे की गाडी नष्ट झाली किंवा कायमची वापरण्यायोग्य राहिली नाही, तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं आणि आरसी जमा करायची. मग नोंदणी रद्द होते. पण आपण वर बघितलं तशी टोटल लॉसची गाडी ‘कायमची निकामी’ असतेच असं नाही. ती दुरुस्त होऊ शकते, फक्त विमा कंपनीला ते परवडत नाही. त्यामुळे अनेक गाड्या या दोन व्याख्यांच्या मधल्या फटीतून निसटतात. विमा कंपनीच्या फाईलमध्ये गाडी संपलेली असते आणि आरटीओच्या रेकॉर्डमध्ये तिची आरसी ‘अ‍ॅक्टिव्ह’ असते.

थोडक्यात, आरसी क्लीन दिसणं म्हणजे मालकी, टॅक्स आणि कर्जाची नोंद बरोबर असणं. गाडीला काय झालं होतं, हे त्यात लिहिलेलंच नसतं. ते दुसऱ्या ठिकाणी शोधावं लागतं.

गाडी बघायला जाण्याआधी मोबाईलवरून काय तपासायचं?

१) एमपरिवहन अ‍ॅप: हे सरकारी अ‍ॅप प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाने येणाऱ्या एपीके फाईल अजिबात इन्स्टॉल करू नका, त्या फसवणुकीसाठी पाठवल्या जातात. अ‍ॅपमध्ये नंबर टाकून नोंदणीची तारीख, मॉडेल, इंधन, विमा कंपनी आणि विम्याची मुदत बघा. विकणाऱ्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या फोनवर शोधा.

२) विम्यातली फट: टोटल लॉसचा क्लेम मिळाला की ती पॉलिसी संपते. त्यामुळे अशा गाडीच्या विम्यात बऱ्याचदा काही महिन्यांची फट सापडते आणि त्यानंतर नुसता थर्ड पार्टी विमा काढलेला असतो. अ‍ॅपमध्ये फक्त सध्याची पॉलिसी दिसते, म्हणून मागच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसींची पीडीएफ मागा. खऱ्या मालकाच्या ईमेलमध्ये त्या पडलेल्याच असतात.

३) एनसीबी बघा: क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी ही सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी वाढते. क्लेम घेतला की साधारणपणे ती शून्यावर येते. गाडी पाच वर्षं एकाच मालकाकडे आहे, ‘एक स्क्रॅचसुद्धा नाही’ असं तो सांगतोय आणि पॉलिसीवर एनसीबी शून्य दिसतोय, तर क्लेम कशाचा घेतला होता हे सरळ विचारा. विमा वेळेवर भरला नाही तरी एनसीबी जातो, त्यामुळे हा पुरावा नाही, पण प्रश्न विचारायला पुरेसं कारण आहे. आणि हो, एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नाही. मालक बदलला असेल तर नव्या मालकाचा हिशोब शून्यापासून सुरू होतो.

४) क्लेमची हिस्ट्री: विमा कंपनी तुम्हाला, म्हणजे अनोळखी माणसाला, ही माहिती देणार नाही. पण मालक स्वतःच्या लॉगिनमधून ती तुमच्यासमोर उघडू शकतो. ‘दोन मिनिटं अ‍ॅप उघडून दाखवता का?’ एवढंच विचारायचं. काही लपवायचं नसेल तर माणूस सहसा दाखवतो.

५) सर्व्हिस हिस्ट्री: माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त बोलणारी गोष्ट हीच. विम्याचा क्लेम असला की गाडी बहुतेक वेळा टो करून अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जाते आणि तिथे एस्टिमेट बनतं. टोटल लॉस झाली तर दुरुस्ती न होताच ती बाहेर पडते. त्यामुळे रेकॉर्ड असं दिसतं: वर्षाला एक सर्व्हिस अगदी वेळेवर, मग बॉडी शॉपची एक नोंद किंवा नुसतं एस्टिमेट, आणि त्यापुढे काहीच नाही. मालकाला कंपनीच्या अ‍ॅपमधून हिस्ट्री दाखवायला सांगा किंवा त्याला सोबत घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.

६) चोरीची नोंद: नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोची ‘वाहन समन्वय’ नावाची सेवा आहे. त्यात गाडीचा नंबर, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर टाकून ती चोरीच्या नोंदीत आहे का, हे बघता येतं.

तारखा जुळवल्या की काय कळतं?

२०२२ साली माझ्या मावसभावाने एका डीलरकडची पेट्रोल हॅचबॅक पसंत केली होती. गाडी २०१८ च्या मार्चमधली, कमी चाललेली, किंमत बाजारापेक्षा साधारण चाळीस हजारांनी कमी. आरसी क्लीन. भावाचं कर्जही मंजूर झालं होतं, फक्त टोकन द्यायचं बाकी होतं.

आम्ही कागदावर तारखा लिहून काढल्या. शेवटची अधिकृत सर्व्हिस जुलै २०१९. त्यानंतर कंपनीच्या रेकॉर्डमध्ये काही नाही. मालक बदलल्याची आरटीओची पावती जानेवारी २०२० ची. त्याच महिन्यात नवीन विमा, तोही फक्त थर्ड पार्टी. आणि पहिल्या मालकाचा पत्ता सांगलीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला होता, हे सांगायची गरजच नाही.

मग आम्ही डिकीतलं स्टेपनीचं झाकण उचललं. खालच्या खळग्यात, बोल्टच्या कडेने वाळलेला बारीक गाळ होता. पुढच्या सीटच्या रुळांना गंज होता. चार वर्षांच्या, घरच्या वापरातल्या गाडीला असा गंज येत नाही. डीलर म्हणाला, “अहो, पावसाळ्यात काच उघडी राहिली असेल.” आम्ही चहा पिऊन निघून आलो. गाडी खरंच टोटल लॉस झाली होती का, याचा कागद आमच्या हातात आला नाही. पण भावाला पुढची पाच वर्षं हप्ते भरायचे होते, आणि एवढ्या खुणा नाही म्हणायला पुरेशा होत्या.

तुम्हीही हेच करा. सर्व्हिस कुठे थांबली, विमा कुठे तुटला, मालक कधी बदलला या तीन तारखा एका ओळीत लिहा. त्या ठरावीक दोन-चार महिन्यांत एकत्र आल्या, तर त्या काळात त्या गावात काय झालं होतं ते बघा. केरळ ऑगस्ट २०१८, चिपळूण जुलै २०२१, चेन्नई डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३, हे मोठे पूर तर लक्षात ठेवाच. पुरातली गाडी त्याच गावात सहसा विकत नाहीत, तिथे सगळ्यांना माहीत असतं. ती दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात जाते.

गाडीजवळ गेल्यावर: टॉर्च, कॅमेरा आणि दहा मिनिटं

गाडी नेहमी दिवसा, कोरडी असताना बघा. नुकतीच धुतलेली ओली गाडी चमकते आणि रंगातला फरक लपतो.

- बोल्ट: बॉनेट उघडून फेंडर आणि बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघा. त्यांच्या डोक्यावरचा रंग उडाला असेल तर पान्हा लागलेला आहे. मग तो पार्ट का काढला, हे विचारा.
- वेल्डिंग: दोन्ही बाजूंच्या सांगाड्यावर कंपनीचे स्पॉट वेल्ड म्हणजे गोल, सारख्या अंतरावरचे खड्डे दिसतात. एका बाजूला ते नीट आणि दुसऱ्या बाजूला ओबडधोबड किंवा गायब असतील, तर तिथे पत्र्याचं मोठं काम झालंय. फोनने दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि शेजारी ठेवून बघा.
- काचा: प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि वर्षाची खूण असते. सगळ्या काचा एका काळातल्या आणि एकच वेगळी असेल तर ती बदललेली आहे. दगड लागूनही काच बदलतात, पण एकाच बाजूच्या दोन-तीन काचा वेगळ्या असतील तर सावध व्हा.
- सीट बेल्ट: शेवटपर्यंत बाहेर ओढा. गाडी पाण्यात गेली असेल तर आतल्या भागावर डाग किंवा मातीची रेघ सापडते. बेल्टच्या लेबलवर बनवल्याची तारीखही असते. मग झटक्यात ओढून बघा, तो अडकलाच पाहिजे.
- कार्पेट: कोपरा उचलून खाली हात घाला. ओल, गाळ, कुबट वास तपासा. गाडीत परफ्यूमचा मारा केला असेल तर जास्तच बारकाईने बघा.
- वायरिंग: डॅशबोर्डच्या खाली टॉर्च मारा. कनेक्टरवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर पाणी आत गेलेलं आहे. पुराच्या गाडीचा खरा त्रास इथेच असतो. इंजिन साफ करून चालू करता येतं, पण कनेक्टरमधला गंज हळूहळू वाढतो आणि सहा महिन्यांनी कधी पॉवर विंडो बंद, कधी चालू गाडीत वॉर्निंग लाईट, असं सुरू होतं.

एअरबॅगचा दिवा नक्की बघा

एवढी एक गोष्ट तरी विसरू नका. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी स्वतः विझला पाहिजे.

- दिवा लागलाच नाही: बल्ब काढला असेल किंवा सर्किटशी खेळ झालाय.
- दिवा लागूनच राहिला: सिस्टिममध्ये बिघाड आहे. अशा वेळी धडकेत एअरबॅग उघडेल याची खात्री नाही.
- दिवा बरोबर ऑईलच्या किंवा दुसऱ्या दिव्यासोबतच विझला: त्याची वायर त्या दिव्याला जोडलेली असू शकते.

चौथी शक्यताही आहे. एअरबॅगच्या जागी एक छोटा रेझिस्टर लावला की कंट्रोल युनिटला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, आणि दिवा अगदी नियमाप्रमाणे विझतो. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाच्या आत मात्र काहीच नसतं! म्हणून स्टिअरिंगचं झाकण आणि डाव्या बाजूचा डॅशबोर्ड नीट बघा. प्लास्टिकचा रंग किंवा पोत वेगळा, जोडावर चिकटवल्याच्या खुणा, नवीन कव्हर चढवलेलं असेल तर मेकॅनिककडून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ओबीडी स्कॅनर: तुमचा फोनच मेकॅनिक

स्टिअरिंगच्या खाली ओबीडी नावाचं सॉकेट असतं. ऑनलाईन काही शे रुपयांत मिळणारा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर त्यात लावायचा, फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अ‍ॅप घ्यायचं आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचायचे. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांमध्ये हे चालतं.

इथे गंमत अशी की ‘एकही कोड नाही’ हीसुद्धा संशयाची गोष्ट असू शकते. विकण्याआधी कोड पुसून टाकणं दोन मिनिटांचं काम आहे. म्हणून अ‍ॅपमध्ये ‘कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर’ असा आकडा मिळतो का, ते बघा. तो आकडा पाच-दहा किलोमीटर असेल तर कोड काल-परवाच पुसलेत. तसंच कोड पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या काही काळ ‘अपूर्ण’ दाखवतात, तेही अ‍ॅपमध्ये दिसतं. अशा वेळी लांब टेस्ट ड्राईव्ह घ्या आणि पुन्हा स्कॅन करा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. स्वस्त अ‍ॅडॉप्टर मुख्यतः इंजिनाचे कोड वाचतो. एअरबॅगचे कोड वाचायला बहुतेक वेळा सर्व्हिस सेंटरचा स्कॅनरच लागतो. त्यामुळे गाडी पसंत पडली की अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये लिफ्टवर चढवून तपासणी करून घ्या. विकणारा याला नाही म्हणाला, तर आपणही गाडीला नाही म्हणायचं.

चोरीची गाडी, टोटल लॉसची कागदं

आता तो तिसरा रस्ता. समजा एक पांढरी एसयूव्ही पूर्ण चेपली. तिचा सांगाडा कुणीतरी लिलावातून घेतला, सोबत तिची आरसीही मिळवली. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरली जाते. चोरलेल्या गाडीचा चेसिस नंबर घासून त्यावर मोडक्या गाडीचा नंबर ठोकतात, नंबर प्लेट बदलतात. आता कागदं खरी आणि गाडी चोरीची! २०२० मध्ये लखनौ पोलिसांनी अशीच टोळी पकडून डझनावारी गाड्या जप्त केल्या होत्या.

या प्रकारात एमपरिवहनही ओके दाखवतं आणि चोरीची तपासणीही ओके दाखवते, कारण नंबर खऱ्या, न चोरलेल्या गाडीचा असतो. पकडायची जागा एकच: चेसिस नंबर. तो १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच येत नाहीत. सुरुवातीच्या तीन अक्षरांवरून कंपनी कळते. ‘एमए३’ म्हणजे मारुती सुझुकी, ‘एमएएल’ म्हणजे ह्युंदाई, ‘एमएटी’ म्हणजे टाटा. पत्र्यावर ठोकलेला नंबर शोधा, झूम करून फोटो काढा. अक्षरं एका ओळीत, सारख्या खोलीची हवीत. आजूबाजूला घासल्याच्या, नव्या रंगाच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा नकोत. आरटीओत देतात तशी पेन्सिल प्रिंट काढली तर खालचं खोडलेलं अक्षरही कधीकधी उमटतं. हाच नंबर गाडीवरच्या कंपनीच्या प्लेटवर, आरसीवर आणि सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर दिसणाऱ्या नंबराशी जुळला पाहिजे.

हे एवढं का? कारण चोरीची गाडी पैसे मोजून घेतली तरी कायद्याने तिची मालकी तुम्हाला मिळत नाही. पोलीस गाडी घेऊन जातात, कर्जाचे हप्ते मात्र तुमच्याच नावावर चालू राहतात.

टोटल लॉस गाडी घ्यावीच की नाही?

सगळ्याच टोटल लॉस गाड्या वाईट नसतात. सांगाड्याला मार नाही, पाण्यात गेलेली नाही, एअरबॅग खऱ्या बसवल्यात, पार्टची बिलं आहेत आणि विकणारा स्वतःहून सगळं सांगतोय, तर किंमत त्याप्रमाणे बरीच कमी करून घेणारे लोक आहेत. पण दोन गोष्टी आधी करा. एक, विमा कंपनीला चेसिस नंबर देऊन पूर्ण विमा मिळेल का, हे व्यवहाराआधी लेखी विचारा. दोन, पुढे ही गाडी विकताना तुम्हालाही हेच सांगावं लागेल, हे धरून किंमत ठरवा. पुरात बुडालेली गाडी मात्र मी कुठल्याही किमतीला घ्यायला सांगणार नाही.

व्यवहार करताना

- टोकन तपासणीनंतरच द्या, आणि पैसे बँकेतूनच द्या.
- विक्रीच्या करारात हे वाक्य लिहून घ्या: ‘या गाडीवर टोटल लॉसचा क्लेम झालेला नाही, ती पुरात बुडालेली नाही आणि तिला मोठा अपघात झालेला नाही.’ डीलर सही करायला कचरला तर उत्तर मिळालंच.
- १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते दाखवायला सांगा.
- फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ घ्या.
- गाडी नावावर झाली की १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.
- डीलरने फसवलं असेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करा. खासगी माणसाने खोटं सांगून गाडी गळ्यात मारली असेल तर करारातलं ते वाक्य आणि चॅट पोलिसांकडे कामाला येतात, म्हणून चॅट डिलीट करू नका.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी ‘आरसी क्लीन आहे’ म्हणालं, की सर्व्हिस हिस्ट्री, जुन्या पॉलिसी आणि चेसिस नंबरचा फोटो या तीन गोष्टी मागा. मागायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी जुनी गाडी शोधत असेल तर त्याने टोकन देण्याआधी हा लेख त्याला नक्की पाठवा!